वाचकांचे प्रश्न : दिवेलागणीला जाऊन बघा

मागच्या अंकात मी सांगलीतल्या आमच्या घराबद्दल लिहिलं होतं. विश्रामबागेतला जुना बंगला, परसात लिंबाचं झाड आणि स्मृतिभ्रंश झालेले 9 आजी-आजोबा. 22 वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केल्यावर गेली 12 वर्षं मी हे घर बघते. त्या लेखावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं या पानात मावणार नाही. पाच पत्रं निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

आईला 78 वर्षं पूर्ण झाली. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. 82 वर्षांचे बाबा तिचं सगळं करतात. रात्री दोन-दोन वाजता उठून ती ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढते. ब्युरोच्या तीन बायका सोडून गेल्या. आता आम्ही दोन जागा पाहिल्या आहेत. एक मोठी संस्था आहे, 60 खाटा, लिफ्ट, फिजिओथेरपीची खोली, सगळं चकाचक. दुसरा एक बंगला, तिथे 10 जण राहतात. फरशी जुनी, खोल्या लहान. नवरा म्हणतो मोठी जागा घेऊ, तिथे डॉक्टर असतात. माझं मन बंगल्याकडे ओढतं, पण का ते सांगता येत नाही. काय बघून ठरवायचं?
– एक मुलगी, ठाणे

ताई, तुमचं मन का ओढतं ते मी सांगते. या आजारात जुनं बरंच टिकून राहतं, पण नवीन काही डोक्यात बसत नाही. लांबलचक व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारं असली तर आईंना संडास कुठला हे रोज नव्याने शोधावं लागेल. सापडला नाही की कपडे ओले होतात. दोन-तीनदा तसं झालं की डायपर लावला जातो. डायपर लावला की त्यांना उठवायला कुणी येत नाही, आणि न उठवलेलं माणूस सहा महिन्यांत चालणं विसरतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नव्हे, अनेकदा. बंगल्यात खाटेवर बसल्या बसल्या न्हाणीघराचं दार दिसतं. शिवाय स्वयंपाकघर जवळ असतं. घड्याळ वाचता येत नाही, पण लसणाची फोडणी बसली की जेवायची वेळ झाली हे आमच्या प्रत्येक आजीला कळतं. जपानमध्ये 2000 साली दीर्घ काळच्या देखभालीचा विमा सुरू झाला. त्यात स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी अशीच छोटी घरं धरली आहेत आणि एका गटात 5 ते 9 माणसं एवढीच मर्यादा आहे. आपल्याकडच्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी वृद्धाश्रमाची कल्पना किमान 150 माणसांची आहे. निराधारांना छप्पर द्यायला तो आकडा योग्य असेल. तुमच्या आईंच्या आजाराला तो सोसत नाही.

पण नुसतं छोटं आहे म्हणून भुलू नका. छोट्या घराचे दोष मला चांगले माहीत आहेत. एक मावशी रजेवर गेली की अख्ख्या घराचा दिवस विस्कटतो. चालकाचा स्वभाव तोच घराचा स्वभाव होतो. आणि बाहेरून येऊन बघणारं सहसा कुणी नसतं, कारण स्मृतिभ्रंशाच्या अशा घरांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. म्हणजे तपासनीस तुम्हालाच व्हायला लागणार.

तुम्ही ती जागा किती वाजता पाहिलीत? बहुतेक सकाळी अकराला, कारण ‘अकराला या’ असंच सगळीकडे सांगतात. त्या वेळी आंघोळी झालेल्या असतात, केस विंचरलेले असतात, सगळ्यांचा चेहरा प्रसन्न असतो. आता न सांगता संध्याकाळी सहाला जा आणि साडेआठपर्यंत थांबा. दिवस कलला की या माणसांच्या जिवाची घालमेल सुरू होते. सावल्या लांबतात, डोळ्यांना नीट दिसत नाही, दिवसभराचा थकवा असतो, आणि आयुष्यभर त्या वेळी घरी परतायची किंवा घरच्यांची वाट बघायची सवय असते. घराची खरी पारख तिन्हीसांजेला होते.

आमच्याकडे एक आजी आहेत. सहाच्या सुमाराला त्या रोज आपलं गाठोडं बांधतात. दोन लुगडी, कंगवा आणि एक रिकामा पानाचा डबा. ‘पोरांची शाळा सुटली, मला जायला पाहिजे’ म्हणतात. त्यांची मोठी मुलगी आता 58 वर्षांची आहे. आमच्या एका नव्या मुलीने सुरुवातीला त्यांना हे समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि आजी ‘माझी पोरं कुणी नेली’ म्हणून रात्री अकरापर्यंत रडत होत्या. जुन्या मावशी समजावत बसत नाहीत. त्या म्हणतात, ‘आजी, पोरं भुकेली येतील, आधी भाजी तरी निवडू.’ पाट मांडतात, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून मेथीच्या दोन जुड्या ठेवतात. आजींची बोटं लगेच कामाला लागतात. पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला, पिवळं पान बघून बाजूला काढलेलं. वीस मिनिटांनी त्या विचारतात, ‘भाकऱ्या किती टाकू?’ गाठोडं तिथेच राहतं. रात्री मावशी ते सोडून कपडे परत कपाटात ठेवतात, कारण उद्या पुन्हा बांधायचं असतं.

असं काही तुम्हाला त्या बंगल्यात दिसतं का ते बघा. अंधार पडायच्या आधी दिवे लावले का? की सगळ्यांना ओळीने टीव्हीपुढे बसवून मुली फोनमध्ये आहेत? कुणाला ओढणीने खुर्चीला बांधलंय का? ‘पडू नये म्हणून’ असं सांगतील, पण हात धरून चालवणाऱ्या माणसाची बचत करायला ती ओढणी असते. नखं बघा. पाणी मागितलं नसतानाही कुणी पाणी देतंय का बघा, कारण या माणसांना तहान सांगता येत नाही. फिनेलचा वास फार येत असेल तर कशाला एवढं टाकावं लागतं हे विचारा.

आणि रात्रीचं विचारताना ‘रात्री कोण असतं?’ असं विचारू नका. ‘रात्री जागं कोण असतं?’ असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात. तुमच्या आई दोनला उठतात, म्हणजे तुमच्यासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

आणखी एक विचारा : ‘तुमच्याकडे आजवर काय चुकलं?’ मी आमचं सांगते. सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला, पाइप आत घ्यायला फाटक उघडं ठेवलं आणि तेवढ्या वेळात याच आजी गाठोडं घेऊन बाहेर पडल्या. आमच्या लक्षात यायला पाऊण तास लागला. सापडायला आणखी दोन तास. मिरज रस्त्यावरच्या बसथांब्यावर त्या तासगावच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. पानपट्टीवाल्या मुलाने त्यांना चहा पाजला होता आणि सावलीत बसवलं होतं. उन्हात चालत राहिल्या असत्या तर काय झालं असतं हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून फाटकाला घंटा आहे, टँकर आला की एक माणूस फाटकाशीच उभा राहतो, आणि प्रत्येकाच्या कपड्याला आतून फोन नंबर शिवलेला आहे. नवीन कुटुंब आलं की मी ही गोष्ट आधी सांगते. जे घर ‘आमच्याकडे कधीच काही झालं नाही’ म्हणेल, तिथे आईंना ठेवू नका.

तुमच्या यजमानांचा डॉक्टरांचा मुद्दाही मी बाजूला सारत नाही. डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री दोनला ताप चढला तर फोन कोण उचलतं, कुठल्या रुग्णालयात नेतात, सोबत कोण थांबतं आणि त्या माणसाचे पैसे कोण देतं, हे सगळं विचारून घ्या. डायपर आणि औषधं महिन्याच्या रकमेत धरली आहेत का, माणूस गेल्यावर डिपॉझिट परत मिळतं का, हे लेखी घ्या. ते विचारताना संकोच वाटेल, तरी विचारा.

आणि शेवटी बाबांचा विचार करा. ते 82 वर्षांचे आहेत आणि रोज जाणार आहेत, तुम्ही नको म्हटलंत तरी जाणार आहेत. दोन्ही जागा सारख्याच चांगल्या वाटल्या तर ज्या जागी बाबा एकटे रिक्षाने जाऊन येऊ शकतील ती निवडा.

मी सिएटलजवळ राहतो. आमच्या रस्त्यावर दोन ‘ॲडल्ट फॅमिली होम’ आहेत. साध्या घरात सहा वृद्ध राहतात, घराला राज्याचा परवाना असतो, तपासणीचे अहवाल कुणालाही वाचता येतात. वडील 81 वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त, सोलापूरला असतात. दोन वर्षांपासून विसरतात, आता गॅस चालू ठेवून निघून जातात. मावसभाऊ लक्ष ठेवतो. त्यांना इथे आणून अशा घरात ठेवावं असं मनात आहे.
– एक मुलगा, अमेरिका

तुमच्या वॉशिंग्टन राज्यातली ही पद्धत मला मनापासून आवडते. सहाच माणसं, जास्तीत जास्त आठ, आणि तीही वेगळी परवानगी काढून. परवाना, तपासणी, उघडा अहवाल. आपल्याकडे हे व्हायला हवं असं मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

तरीही दादा, वडिलांना तिकडे नेऊ नका.

आमच्याकडे एक आजोबा होते. मुंबईत बँकेत मोठ्या पदावर होते, आयुष्यभर इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला. मूळचे जत तालुक्यातले, तिथे घराघरांत कानडी. आमच्याकडे आले तेव्हा बोलणं कमी झालं होतं, मराठीच बोलत होते. एके दिवशी ते ‘नीरू, नीरू’ म्हणायला लागले. आम्हाला वाटलं कुणाला तरी हाक मारतायत, बहीण असेल. मुलाला फोन केला, तो म्हणाला या नावाचं आमच्यात कुणी नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी जतच्याच आमच्या एक मावशी रजा संपवून आल्या, त्यांनी ऐकलं आणि तांब्या घेऊन धावल्या. कानडीत नीरू म्हणजे पाणी. आजोबा पाणी मागत होते. तोवर लघवीला संसर्ग झाला होता आणि चार दिवस सलाइन लावावं लागलं. माणसं चांगली होती, पगार वेळेवर होता, सगळं होतं. एक शब्द समजला नाही.

या आजारात मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. तुमच्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत बोलतात, तिथे वडिलांचा शब्द झेलणारं कुणीतरी भेटेल. तिकडच्या घरात सगळं नियमाप्रमाणे असेल, पण ‘शेंगाची चटणी’ म्हटल्यावर कुणाचेही डोळे चमकणार नाहीत. आणि आजारी माणसाला इतक्या लांबचा प्रवास, दिवसाची रात्र झालेली, वर थंडी. नको.

मग लांब राहून काय करायचं? आधी कागद. तुम्ही कदाचित वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, करून घ्यायचा विचार करत असाल. आपल्याकडे ते देणाऱ्याची समज शाबूत असेपर्यंतच चालतं. समज गेली की 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तो अधिकारही संपतो. हे न कळल्यामुळे बँकेच्या काउंटरवर अडकलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यानंतर उच्च न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं. म्हणून वडिलांना अजून समजतंय तोवर, त्यांच्या संमतीने, पेन्शनच्या खात्यात दुसरं नाव घालता येईल का ते बँकेत जाऊन बघा. मृत्युपत्र करायचं असेल तर समज असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा जोडा. हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’मधून चेहरा दाखवून फोनवर होतो. 80 वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरची वाट बघायला नको. ज्या घरात ठेवाल त्यांना हे काम करायला लावा, आमच्याकडे मी स्वतः बसते.

मावसभावाला फुकटात राबवू नका. आठवड्यातून एकदा, न ठरवता, दर वेळी वेगळ्या वेळी त्याने त्या घरात जाऊन यायचं, आणि त्याच्या पेट्रोलचा, वेळेचा खर्च तुम्ही द्यायचा. हे स्पष्ट बोला, नाती त्याने बिघडत नाहीत.

व्हिडिओ कॉल रात्री साडेदहाला करा. तेव्हा इकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात, हिवाळ्यात बारा. आंघोळ, नाश्ता झालेला असतो, मन शांत असतं. संध्याकाळी करू नका. आणि ‘बाबा, मी कोण सांगा बरं?’ हे एकदाही विचारू नका. ओळखलं नाही तर त्यांना ते कळतं, आणि त्यांची मान खाली जाते. ‘बाबा, मी तुमचा धाकटा’ असं म्हणून स्वतःच सुरुवात करा.

सासूबाईंना एका छोट्या घरात ठेवून दोन महिने झाले. गावात ‘म्हातारीला टाकली’ म्हणतात. धाकटे दीर ना भेटायला येतात ना पैसे देतात, वर नावं ठेवतात. मी दर रविवारी जाते. निघताना त्या रडतात, माझा हात सोडत नाहीत. त्यांना परत आणू का?
– एक सून, सातारा जिल्हा

बाई, ‘टाकणं’ या शब्दाला कायद्यातही अर्थ आहे. 2007 च्या त्याच कायद्यात लिहिलंय की ज्येष्ठ माणसाला कायमचं सोडून द्यायच्या हेतूने कुठेतरी ठेवून जाणं हा गुन्हा, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. तुम्ही दर रविवारी एसटीने जाता. तुम्ही टाकलेलं नाही.

तुम्ही घरी किती वर्षं केलंत हे पत्रात लिहिलंच नाहीत. पत्राचं अक्षर बघून मला वाटलं, बरीच वर्षं. नावं ठेवणाऱ्यांपैकी कुणी एक रात्र तरी येऊन सासूबाईंपाशी जागलं होतं का? देशभरच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आलंय की साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे. तुमच्या गावातही आणखी घरं असतील, दारं लावून सोसणारी. उद्या त्यांच्यातलीच एखादी तुमच्याकडे पत्ता विचारायला येईल.

आता निघतानाच्या रडण्याचं. आधी तिथल्या मावशींना विचारा, तुम्ही गेल्यावर सासूबाई किती वेळ रडतात. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, दहा-पंधरा मिनिटं. तुमच्या डोळ्यांपुढे मात्र ते रडणं पुढच्या रविवारपर्यंत राहतं. तासभर रडत असतील, जेवत नसतील, अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील, तर ते वेगळं, तेव्हा लगेच हलवा.

भेटीची घडी थोडी बदलून बघा. जेवणाच्या तासभर आधी जा. नुसतं समोर बसून बोलू नका, बोलायला त्यांच्याकडे फारसं उरलेलं नसतं. डोक्याला तेल लावा, वेणी घाला, नखं काढा. ताट आलं की पहिले चार घास तुम्ही भरवा, मग मावशींना हात द्या आणि ‘येते हं’ न म्हणता, पर्स न उचलता बाहेर या. पर्स आधीच ऑफिसात ठेवायची. पहिल्यांदा हे फसवल्यासारखं वाटेल. पण उंबऱ्यापाशीचा निरोपच त्यांना सोसत नाहीये, भेट सोसतेय.

परत आणायचं की नाही हे त्यांच्या तब्येतीवरून ठरवा, गावच्या तोंडावरून नको. आणलंत तर रात्री कोण जागणार ते आधी नाव घेऊन ठरवा. आणि ते नाव पुन्हा तुमचंच एकटीचं असेल तर आणू नका.

दिरांचं म्हणाल तर पोटगीसाठी प्रांतांकडे अर्ज करता येतो, तो हक्क सासूबाईंचा आहे. पण मी आधी दुसरं करून बघेन. त्यांच्याकडे एकदम निम्मे पैसे मागण्याऐवजी एक काम द्या : महिन्याची औषधं आणून त्या घरात पोचवायची, चिठ्ठी ही. औषधं द्यायला दार वाजवावं लागतं, दार उघडलं की आई दिसते. आमच्याकडे तीन भाऊ असे सुरू झालेत. नाहीच झालं तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मोफत क्रमांक आहे, तिथे अर्जाचं मार्गदर्शन मिळतं.

वडील चालत-बोलत अशा एका घरात राहायला गेले. महिनाभरात दिवसभर झोपून असतात, तोंडातून लाळ गळते. ‘आता शांत झालेत’ असं तिथले सांगतात.
– नागपूर

हे वाचून होताच जा, रविवारची वाट बघू नका. औषधांचा कागद मागा आणि त्याचा फोटो काढा. झोपेची किंवा शांत करायची गोळी सुरू केली का, कोणी लिहून दिली, तुम्हाला का विचारलं नाही, हे विचारा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन ही नावं दिसली तर ती गोळी कधी, किती आणि किती दिवसांसाठी, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 पासून, आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर 2008 पासून, छापायला लावला आहे. कधी कधी ती द्यावी लागतात, आम्हीही दिली आहेत. पण थोड्या मात्रेत, थोडे दिवस, घरच्यांना सांगून. तुम्ही मात्र मनाने एकदम बंद करू नका.

आणि गोळी नसेलच, तर काळजी जास्त. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पडून डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, या तिन्हींत माणूस असाच गळून जातो आणि तिन्हींवर इलाज आहे. आजच रुग्णालयात न्या. एवढा बदल झालेला असताना ‘शांत झालेत’ म्हणणाऱ्या घरात मी माझ्या माणसाला परत पाठवणार नाही.

मी 69 वर्षांचा निवृत्त शिक्षक. हे पत्र माझं स्वतःबद्दल आहे. तीन महिन्यांपूर्वी मला अल्झायमरची सुरुवात असल्याचं निदान झालं. पत्नी नाही, एक मुलगी आहे, तिची नोकरी फिरतीची. पुढे मला तुमच्यासारख्या घरात राहावं लागणार हे मी स्वीकारलंय. आज माझ्या हातात काय आहे?
– रत्नागिरी

सर, 12 वर्षांत मला हा प्रश्न स्वतः माणसाने विचारल्याचं हे पहिलंच पत्र. बाकी सगळ्यांसाठी त्यांच्या मुलांनी विचारलं. मी ते चार वेळा वाचलं.

तुमच्या हातात पुष्कळ आहे. आधी रुक्ष कामं उरकून टाका. ब-12 आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्यात ना, ते निदान करणाऱ्या डॉक्टरांकडून पक्कं करा. मृत्युपत्र आणि बँकेच्या खात्यात मुलीचं नाव, दोन्ही या महिन्यात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एक सोय आहे : पुढे समज राहिली नाही तर उपचार कसे हवेत, कसे नकोत आणि तुमच्या वतीने कुणी बोलायचं, हे आज लिहून ठेवता येतं. शेवटच्या दिवसांत नाकातून नळी घालावी का, व्हेंटिलेटर लावावा का, याचंही लिहिता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. ही वाक्यं तुम्ही लिहिलीत तर मुलीला ती एकटीला, रात्री, अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहून ठरवावी लागणार नाहीत.

मग एक वही घ्या. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आमच्याकडे कोल्हापूरच्या एक आजी आल्या, त्या आंघोळीला ठाम नकार द्यायच्या. अंगाला हात लावला की ओरडायच्या, एकदा मावशींना चावल्या. महिना असाच गेला. त्यांची मुलगी भेटायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, आई जन्मभर पहाटे पाचला उठून न्हायची, तांब्याच्या घंगाळातलं पाणी लोट्याने घेऊन. आम्ही त्यांना सकाळी दहाला शॉवरखाली उभं करत होतो. डोक्यावरून अचानक पडणारं पाणी आणि दारात अनोळखी बाई. दुसऱ्या दिवशी पाचला उठवलं, घंगाळ नव्हतं म्हणून बादली आणि तांब्याचा लोटा ठेवला, लोटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः पहिला लोटा पायावर घेतला, मग खांद्यावर. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते, आजी पुटपुटत होत्या, ‘गंगे च यमुने चैव’. त्यानंतर कधी भांडण झालं नाही. जी गोष्ट आम्हाला महिनाभराने कळली ती आधी कुणी कागदावर दिली असती, तर तो महिना त्या आजींना काढावा लागला नसता.

मोठ्या संस्थेत एवढ्या बारीक गोष्टी पाळणं अवघड असतं. 9-10 माणसांच्या घरात जमतं, पण कुणीतरी सांगायला हवं. बहुतेक मुलांना आईवडिलांचं हे माहीत नसतं. तुम्ही ते स्वतः लिहू शकता, म्हणून म्हणते, लिहा. कुठल्या कुशीवर झोप लागते. कुठल्या कानाने कमी ऐकू येतं. चहा बशीतून की कपातून. दाढी रोज की एका आड. कशाची भीती वाटते. रत्नागिरीकर आहात, पेज सकाळी लागते का, मासे चालतात का, कुठल्या वारी नाही. वर्गात शिरल्यावर तुम्ही पहिलं काय करत होतात : खडू घेत होतात, हजेरी, की खिडक्या उघडत होतात? तेही लिहा, कारण एखाद्या दुपारी तुम्ही उठून खिडक्या उघडायला लागलात तर तिथल्या मुलीला कळायला हवं की सरांचा तास सुरू झालाय, आणि तिने समोर बसावं. लहानपणी घरात तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारायचे तेही लिहा. आमच्याकडे शेवटच्या महिन्यांत ‘आजोबा’ म्हटल्यावर न हलणारी माणसं त्या नावाला मान वळवतात.

वहीच्या दोन झेरॉक्स काढा, एक मुलीकडे, एक डॉक्टरांकडे.

आणि घर तुम्ही स्वतः निवडा. अजून तुम्ही बघू शकता, विचारू शकता, नाही म्हणू शकता. मुलीला रजा मिळेल तेव्हा दोघं मिळून तीन-चार घरं बघून या. घरच्या देवाची तसबीर, तुमची खुर्ची, पुस्तकांची एक मांडणी नेता येईल का विचारा. जिथे आवडेल तिथे आतापासूनच अधूनमधून दिवसभर जाऊन बसा, म्हणजे राहायला जाल तेव्हा पायांना वाट ओळखीची असेल.

सांगलीला येणार असाल तर कळवा. सहाच्या सुमाराला या. त्या वेळी आमच्या ओसरीवर मेथी निवडणं चाललेलं असतं, तुमच्यासाठी एक पाट ठेवते.